क्रीपर हे सामान्यनाम आहे, हे सांगणाऱ्या संपादकांना

प्रिय संपादक,

तुम्ही दादा की ताई, कुठल्या देशातले, वय काय, यातलं मला काहीच ठाऊक नाही. माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाची माहिती वाचकच लिहितात तो इंग्रजी माइनक्राफ्ट विकी, त्याच्या पानांच्या इतिहासात तुमचं सदस्यनाव दिसतं, तेवढीच ओळख. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येण्याची शक्यता कमीच. तरी मराठीतच लिहितोय, कारण तुम्ही शिकवलंत ते शेवटी व्याकरणच होतं, आणि ते माझ्या डोक्यात शिरलं ते शाळेतला मराठीचा तास आठवल्यावर.

२०२३च्या सप्टेंबरात विकी फॅन्डम हे विकींचं संकेतस्थळ सोडून स्वतःच्या पत्त्यावर आला. आता माणसं लागतील, असं वाटून मी खातं उघडलं आणि पहिल्याच रात्री एका पानावरचे सगळे क्रीपर, स्केलेटन, आयर्न गोलेम, म्हणजे खेळातल्या प्राण्यांची नावं, कॅपिटल करून टाकले. सकाळी बघतो तर सगळं होतं तसं. डोकंच फिरलं. पानाच्या शीर्षकात आयर्न आणि गोलेम दोन्ही कॅपिटल, खेळातही तसंच लिहिलेलं, मग मजकुरातच काय वावडं?

नुसतं उलटवून गप्प राहिला असतात तर मी त्याच दिवशी विकीला रामराम ठोकला असता. तुम्ही माझ्या चर्चा पानावर येऊन नियम समजावलात. ब्लॉक, वस्तू, प्राणी यांची नावं वाक्यात साध्या नामासारखी लिहायची. नेदर, ओव्हरवर्ल्ड, एंड ही जगं एकेकच, म्हणून ती कॅपिटल. स्टीव्ह हे खेळातलं पात्र तर व्यक्तीच. वाचता वाचता आमच्या बाई आठवल्या: नदी सामान्यनाम, कृष्णा विशेषनाम. म्हणजे क्रीपर ही नदी आणि नेदर ही कृष्णा! एवढ्या एका वाक्यात माझं भांडण मिटलं.

आमच्या देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे इंग्रजी लिहिताना आम्हा बऱ्याच जणांचा कॅपिटलशी संबंध अंदाजपंचे असतो. महत्त्वाचं वाटलं की मोठं करायचं. एंडच्या बाबतीत मात्र ते अक्षर खरंच कामाचं, हे तुमच्यामुळे दिसलं. खेळाडू नुसता शेवटाला पोहोचला की एंड या जगातल्या एंडर ड्रॅगनच्या दारात जाऊन उभा राहिला, हे इंग्रजीत त्या एका अक्षरावरून कळतं.

दुसरा धडा एंडरमॅन या खेळातल्या प्राण्याचा. मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, ‘त्याच्या डोळ्यांत चुकूनही बघू नका, नाहीतर मेलात म्हणून समजा!’ तुम्ही केलंत, ‘खेळाडूने डोळ्यांकडे पाहिल्यास एंडरमॅन हल्ला करतो, डोक्यावर कोरलेला भोपळा असल्यास करत नाही.’ वाचकाला ‘तुम्ही’ म्हणायचं नाही, ‘खेळाडू’ म्हणायचं. आधी कोरडं वाटलं. मग लक्षात आलं की माझ्या वाक्यात भीती भरपूर होती, पण भोपळा नव्हता.

नावांवरून मात्र मी तुमच्याशी पुष्कळ वाद घातला. खेळाच्या १.१४ आवृत्तीत ‘रोझ रेड’ या रंगाचं नाव जाऊन सरळसोट ‘रेड डाय’ आला, ‘कॅक्टस ग्रीन’चा ‘ग्रीन डाय’ झाला. जुनी नावं इतकी गोड होती की ती मजकुरात ठेवावीत असं मला वाटायचं. तुमचं उत्तर ठरलेलं: खेळाच्या अमेरिकन इंग्रजीत आज जे नाव दिसतं तेच पानाचं नाव, तेही एकवचनी, जुनं नाव इतिहासाच्या तक्त्यात राहतं आणि पुनर्निर्देशनात जगतं. झोंबी पिगमन हे जुनं नाव शोधत आलेला २०२० आधीचा खेळाडू बरोबर झोंबिफाइड पिगलिनच्या पानावर पोहोचतो, रिकाम्या हाताने परत जात नाही. पटलं. रोझ रेडबद्दलची हळहळ मात्र अजून आहे, ती काही तुम्हाला उलटवता येणार नाही.

आणि मग ते गवत. डिसेंबर २०२३ मध्ये १.२०.३ आली, ‘ग्रास’चं ‘शॉर्ट ग्रास’ झालं, आणि सगळ्यांच्या आधी आपण, या घाईत मी जुन्या पानाचा मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवला. काय बिघडवलंय, याची मला कल्पनाही नव्हती. पान स्थानांतरित केलं तर त्याचा सगळा इतिहास सोबत जातो. चिकटवलं तर इतक्या वर्षांत इतक्या जणांनी लिहिलेलं सगळं माझ्या एकट्याच्या नावावर दिसतं. तुम्ही न ओरडता ते निस्तरलंत. मला एवढंच लिहिलंत की मजकूर जागेवर होता, फक्त तो लिहिणारी माणसं गायब झाली होती.

त्या दिवसापासून मी बदलाचा सारांश कोरा सोडत नाही. कुणाचं उलटवलं तर कारण लिहितो, नियमाचा दुवा देतो, आणि समोरचा नवा असेल तर त्याच्या चर्चा पानावर जातो. तुम्ही माझ्यासाठी किती वेळ घालवला असेल, हे तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, कारण एका कॅपिटलपायी माझीही वीस-वीस मिनिटं जातात.

मनापासून आभार. पुढच्या आवृत्तीत पुन्हा कशाचं नाव बदललं तर मी थांबेन. स्थानांतराचं बटण तुम्ही दाबा, मी दुवे तपासायला बसतो.

तुमचा,
कृष्णाकाठचा एक संपादक