दिवेआगरचा बंगला

प्रिय वृंदा,

"बंगला कसा होता? डिसेंबरात आम्ही घेऊ का?" असं विचारलं आहेस. घेऊ नकोस. पण एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दुपारी पोचलो. जाहिरातीत 'समुद्राला लागून' असं होतं. गच्चीवर जाऊन, शेजाऱ्यांच्या सिंटेक्सच्या टाकीपलीकडे मान वाकडी केली की एक निळी रेघ दिसते, तोच समुद्र! चालत जायचं तर सासूबाईंना धरून अर्धा तास. स्विमिंग पुलाचं पाणी हिरवंगार. "पावडर टाकलीय, उद्यापर्यंत निवळेल," असं केअरटेकर काका रोज सांगायचे. संध्याकाळी वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखे, आणि जनरेटर लावायचा तर डिझेलचे पैसे वेगळे.

स्वयंपाकघराचं मात्र तुला सांगायलाच हवं. 'सुसज्ज किचन' म्हणे. वाइनचे सहा ग्लास, पण चहाची गाळणी नाही. पोळपाट-लाटणं नाही, दूध तापवायला पातेलं नाही. भिंतीवर लॅमिनेट केलेली नियमावली, त्यात ठळक अक्षरांत 'घरात मासे तळू नयेत'. दिवेआगरात! ह्यांनी बाजारातून सुरमई आणली होती, ती शेवटी काकांच्या बायकोने त्यांच्या घरी तळून दिली. सोलकढीही दिली, पैसे घेईनात.

काकांच्या अंगणात बसूनच कळलं की बंगल्याची जागा पूर्वी वाडी होती. नारळ, सुपारी, मध्ये जायफळाची झाडं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि सकाळची वाडी संध्याकाळी आडवी झाली. सुपारी नव्याने लावली तरी हाताशी पीक यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घर कशावर चालवायचं? मूळ मालकांनी जमीन मुंबईच्या माणसाला विकली. काका आधी त्याच वाडीत शिपणं करायचे, म्हणजे झाडांना पाणी घालायचे, आता तिथेच टॉवेल मोजतात. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, मीच उगाच अस्वस्थ झाले. नव्या मालकाचं तोंड आम्ही पाहिलं नाही. तो फोनवरच असतो, आणि फोनवरही क्वचितच.

त्याने आम्हाला मेसेज केला होता, "दुपारी बारापर्यंत मस्त पाण्यात खेळा." आम्ही गेलो तर पाणी पार आत गेलेलं, समोर नुसती ओली वाळू. काका हसले. म्हणाले, "ताई, आज अष्टमी. तिथीची पाऊणपट करा, आठाचे सहा. म्हणजे भरती सहाला, बाराला ओहोटीच असणार." एवढं साधं गणित, आणि घर समुद्रावर भाड्याने देणाऱ्याला ते ठाऊक नाही!

कॉलेजात असताना आपण त्या आजींकडे उतरलो होतो, आठवतं? संडास मागीलदारी, डास असे की गुडनाइटही दमलं. तरी सकाळी आजी विचारायच्या, "घावणे करू की पोहे?" आणि कुठे जावं, कुठे पाण्यात उतरू नये, हे न विचारता सांगायच्या. या बंगल्यात तीन एसी होते, आणि सासूबाईंचा गुडघा धरला तेव्हा शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी मागावी असं कुणी नव्हतं. मला राग आला तो याचाच, हिरव्या पाण्याचा तितकासा नाही.

सुवर्णगणेशाचं दर्शन मात्र छान झालं. 2012 च्या दरोड्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा चोरीला गेला, त्यानंतर आपण गेलो होतो तेव्हा तिथे मन रमलं नव्हतं. यावेळी सासूबाई तिथून उठायलाच तयार नव्हत्या.

तू जाणारच असशील तर मालक स्वतः राहतात अशा घरातली खोली बघ. जेवण तिथेच मिळेल का, ते आधी विचार. आईंना जिने चढवत नाहीत, तेव्हा तळमजलाच माग. आणि पंचांग बघून निघ, दिवसभर पाण्याची वाट बघत बसू नका. काकांच्या चुलत बहिणीकडे दोन खोल्या आहेत म्हणे. मी पाहिलेल्या नाहीत, पण नंबर आणलाय, फोनवर देते.

मुलांना आशीर्वाद, आईंना नमस्कार.

तुझीच,
मेधा

ता. क. डिपॉझिटमधून दीड हजार कापले. कारण काय, तर टॉवेलवर कोकमाचा डाग! उरलेले अजून आलेले नाहीत. ह्यांनी काल पुन्हा मेसेज टाकला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.