‘सिस्टर’ म्हणजे नेमके कोण?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी ‘नर्सिंग होम’ म्हणाले आणि आई एकदम गप्प झाली. मनात एक होते आणि तोंडून भलताच शब्द गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तो शब्दच फसवा आहे. काही ठिकाणी लहान खासगी रुग्णालयाला नर्सिंग होम म्हणतात, तर इतरत्र ज्यांना चोवीस तास परिचारिकेची देखरेख लागते अशा लोकांच्या निवासाला. मला म्हणायचे होते ते असिस्टेड लिव्हिंग. तिथे खोली आपली, दिनक्रम आपला, आणि जिथे अडेल तेवढ्यापुरती मदत. रेस्पाइट केअर म्हणजे घरी सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून केलेली काही दिवसांची सोय. पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकून आई घाबरते, पण वेदना, धाप, मळमळ यांवरची ती शुश्रूषा मूळ आजाराच्या उपचारांबरोबरच चालू शकते. आजार बरा करण्याचे प्रयत्न थांबवल्यानंतरची सेवा ती हॉस्पिस.

यांपैकी काय लागेल ते वयावर ठरत नाही. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली त्यासाठी सहा साध्या गोष्टी धरल्या: आंघोळ, कपडे घालणे, शौचालयात जाणे, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरचा ताबा आणि आपल्या हाताने जेवणे. बाबांना यांतली फक्त आंघोळ अवघड जाते.

आता ‘सिस्टर’. बाबा गणवेशातल्या प्रत्येकीला सिस्टर म्हणतात (तिलाही ते आवडते, हे खरे). परंतु नोंदणीकृत परिचारिका ही रीतसर शिकलेली असते. इंजेक्शन, ड्रेसिंग आणि प्रकृतीतला बदल ओळखणे हे तिचे काम. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे हे अटेंडंटचे. आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आपण ‘नर्स’ मागवली आणि संस्थेने पाठवली ती अटेंडंट. आठवते ना, आईच्या टाचेवर लाली दिसली तेव्हा तिने मायेने तेल चोळले होते? बोटाने दाबूनही ती लाली फिकी होत नव्हती, म्हणजे ती बेडसोअरची, सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होती, आणि अशा जागी चोळायचे नसते. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची असते. त्या बाईला मी तेव्हा फार बोलले, याचे आज वाईट वाटते, कारण जे तिला कोणी शिकवलेच नव्हते त्याची अपेक्षा आपण एका चुकीच्या शब्दामुळे धरली होती.

असिस्टेड लिव्हिंगची जागा पाहायला जाऊ तेव्हा बाबांनी दोनच प्रश्न विचारावेत: रात्री दोन वाजता जागे कोण असते, परिचारिका की अटेंडंट, आणि गोळ्या दिल्याची नोंद कोण करते? उत्तरे वहीत लिहून घ्या. आई, तुला यायचे नसेल तर आम्ही दोघे जाऊन येऊ, मात्र तू ती वही वाचल्याशिवाय मी कोणालाही होकार कळवणार नाही.

तुमची,
लेक