त्या गोळीबद्दल

चि. अभी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "बाबा, पार्टीच्या आधी ॲसिडिटीची गोळी घेतली की तोंड लाल होत नाही." मी तेव्हा गप्प बसलो. आई शेजारीच होती, आणि मला माझाही एक किस्सा सांगावा लागला असता. तो आता लिहितो.

तुझा चेहरा लाल होतो तो माझ्याकडूनच आलेला असावा. पहिल्या नोकरीत अर्धा ग्लास बिअर पोटात गेली की माझे कान तापायचे, मान लालबुंद व्हायची आणि सगळे टिंगल करायचे. मग एका सहकाऱ्याने रॅनिटिडिन या ॲसिडिटीच्या गोळीची युक्ती सांगितली. गोळी लागू पडली. एरवी एका ग्लासात उठणारा मी त्या रात्री चार ग्लास प्यायलो. कोणी हसलं नाही, म्हणून मीही थांबलो नाही. दुसऱ्या दिवसाची अवस्था लिहीत नाही. (त्या रॅनिटिडिनमध्ये कर्करोगकारक अशुद्धी आढळली आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, हे पुढचं रामायण.)

आत काय घडतं ते मला फार उशिरा कळलं. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. हे दुसरं काम मुख्यतः एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम करतं. काही जणांत ते जन्मतःच मंद असतं. चीन, जपान, कोरियाकडे तर साधारण ३६ टक्के लोकांत. आपल्याकडे हे प्रमाण बरंच कमी आहे. लाली रोझेशिया या त्वचेच्या विकाराने किंवा एखाद्या औषधानेही येते, त्यामुळे तुझं कारण हेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण एन्झाइम मंद असेल तर ॲसिटाल्डिहाइड साचत जातं. त्याने शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा पेटतो, छाती धडधडते.

तुझी ॲसिडिटीची गोळी, फॅमोटिडिन, यातलं फक्त हिस्टामिनचं एक दार लावून घेते. (साध्या चघळायच्या अँटासिडला तेवढंही जमत नाही, ते फक्त पोटातलं आम्ल मारतं.) ॲसिटाल्डिहाइड जेवढं होतं तेवढंच राहतं, आणि लाली दिसेना म्हणून पुढचा ग्लास भरला की वाढतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते बघ. शिवाय पोटातही थोडी दारू मोडली जाते. सिमेटिडिन, रॅनिटिडिनसारख्या गोळ्यांनी त्यात अडथळा येऊन रक्तातली दारू वाढल्याचं काही प्रयोगांत दिसलं, काहींत फारसा फरक आढळला नाही. त्यावर मी भर देत नाही.

भर देतो तो ॲसिटाल्डिहाइडवर. दारूतून येणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकलंय. मंद एन्झाइमवाले लोक नेमाने पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. यातली मेख अशी, की ज्यांना दोन्ही पालकांकडून या एन्झाइमच्या जनुकाची मंद प्रत मिळते त्यांना बहुधा पिणंच सोसत नाही, म्हणून ते वाचतात. एकच प्रत असलेले रेटून पितात आणि तेच जास्त सापडतात. गोळी नेमकी त्यांना रेटायला मदत करते.

आणखी एक. व्यसन सोडवायला डायसल्फिराम नावाचं औषध देतात. ते हेच एन्झाइम मुद्दाम बंद पाडतं, म्हणजे घोटभर दारूनेही माणूस लाल होतो, मळमळतो आणि ग्लास खाली ठेवतो. लोकांना जे डॉक्टर लिहून देतात ते तुला बहुधा निसर्गाने फुकट दिलंय, आणि तू त्यावर उतारा शोधतोयस!

पिऊ नकोस, असा हुकूम मी सोडत नाही. माझा इतिहास वर लिहिलाच आहे. पण जाशील तेव्हा गोळी न घेता जा आणि तोंड तापलं की ग्लास ठेव. कोणी हसलं तर हसू दे. डॉक्टरांना मात्र एकदा विचार, खाजही सुटत असेल किंवा दम लागत असेल तर नक्कीच.

उरलेल्या गोळ्या फेकू नकोस, येताना घेऊन ये. रात्री उशिरा जेवलो की माझ्या छातीत खरोखरच जळजळतं, आणि डॉक्टरांनी मला तीच लिहून दिली आहे.

तुझा,
बाबा