मेंदूज्वराच्या उपचारपत्रकात अँथ्रॅक्सला जागा द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मेंदूज्वराचा संशय आला की रुग्णाला पहिले इंजेक्शन मिळते ते सेफ्ट्रिअॅक्सोनचे. बहुतेकांसाठी ते योग्यच आहे. पण अँथ्रॅक्सचा, म्हणजे काळपुळीचा जंतू मेंदूच्या आवरणात शिरला असेल, तर त्याचा उपयोग नाही. सेफ्ट्रिअॅक्सोन ज्यातले आहे त्या सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे निकामी करणारे एन्झाइम या जंतूत उपजतच असते. जोडीला दिलेले व्हँकोमायसिन हे दुसरे अँटिबायोटिक मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेसे उतरत नाही. म्हणजे पत्रकाबरहुकूम सगळे करूनही रुग्ण कल्चरचा, म्हणजे नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंत जवळजवळ विनाउपचार राहतो. या आजारात मृत्यूचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे आणि पुष्कळसे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात.

हा आजार दुर्मिळ आहे, हे मान्य. तरी अँथ्रॅक्स रक्तात पसरला की मेंदू सुटतोच असे नाही. सोव्हिएत रशियातील स्वेर्दलोव्हस्क येथे १९७९ मध्ये लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्स निसटला, त्या दुर्घटनेतील ४२ शवविच्छेदनांपैकी निम्म्यांत मेंदूच्या आवरणात रक्तस्राव आढळला होता. सुरुवात त्वचेवरच्या फोडापासून, श्वासातून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून होऊ शकते. कधी जंतू कुठून शिरला ती वाट सापडतच नाही. म्हणून तापाच्या रुग्णात चार गोष्टी पाहाव्यात : असह्य डोकेदुखी, शुद्धीत फरक, मान ताठणे, आणि झटके किंवा अंग लुळे पडण्यासारखे मज्जासंस्थेचे दुसरे लक्षण. यांतली दोन असतील आणि आजारी किंवा मेलेल्या जनावराशी, कातड्याशी, लोकरीशी संबंध आला असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत हाच आजार धरावा. अंगावर न दुखणारा, मध्ये काळी खपली आणि भोवती सूज असलेला फोड कपडे काढून शोधावा. तो कापू नये.

निदान बहुधा हुकते ते पाठीतून सुईने काढलेल्या, मेंदूभोवतीच्याच पाण्याच्या तपासणीत. पाणी लालसर आले की ‘सुई लागली’ म्हणून सोडून दिले जाते. पाणी ओळीने तीन नळ्यांत घ्या. सुईमुळे आलेले रक्त तिसऱ्या नळीपर्यंत फिकट होत जाते, या आजारातले तसेच राहते. मग ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. जाड, चौकोनी टोकांच्या, साखळीत लागलेल्या जांभळ्या काड्या दिसल्या, तर तो अहवाल फोनवर त्याच क्षणी कळवला पाहिजे. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून झालेल्या अँथ्रॅक्स हल्ल्यातला, फ्लोरिडातला पहिला रुग्ण अशाच काड्यांवरून ओळखला गेला. दुसरी चूक कल्चरची : बॅसिलस (अँथ्रॅक्सचा जंतू ज्यात मोडतो तो काडीसारख्या जंतूंचा गट) उगवला की त्याला बाहेरून आलेली घाण समजून प्लेट फेकतात. रक्त मिसळलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या थरावर, रातोरात वाढलेली, काचेच्या भुग्यासारखी खरखरीत, रक्तपेशी न विरघळवणारी आणि हालचाल न करणारी वसाहत संदर्भ प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. तोवर प्लेट जैवसुरक्षा कपाटाबाहेर उघडू नये. रक्ताचे कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यावे, कारण एका मात्रेनंतरही ते निर्जंतुक येऊ शकते. मग जंतूची जनुके शोधणाऱ्या पीसीआर तपासणीचाच आधार उरतो. मात्र सीटी स्कॅनसाठी किंवा पाणी काढण्यासाठी औषध थांबवू नये.

मोठ्या माणसासाठी तीन अँटिबायोटिकांची सुरुवातीची मात्रा अशी, तिन्ही शिरेतून : सिप्रोफ्लॉक्सासिन ४०० मिग्रॅ दर ८ तासांनी, मेरोपेनेम २ ग्रॅम दर ८ तासांनी, लिनेझोलिड ६०० मिग्रॅ दर १२ तासांनी. किमान दोन आठवडे, आणि प्रकृती स्थिरावेपर्यंत. मुलांत वजनानुसार, किडनी अधू असेल तर कमी. जंतू पेनिसिलिनला दाद देतो असा अहवाल आला, तरच मेरोपेनेमच्या जागी पेनिसिलिन जी, ४० लाख युनिट दर ४ तासांनी. तोपर्यंत नको, काही जंतू त्याला दाद देत नाहीत. श्वासातून बीजाणू (जंतूचे टिकाऊ, सुप्त रूप) गेले असतील, तर पुढे तोंडी औषध एकूण ६० दिवसांपर्यंत चालते.

इथे एक अडचण हमखास आडवी येते. झटके आले की हाताशी असलेले व्हॅल्प्रोएट दिले जाते, आणि मेरोपेनेम त्याची रक्तातली पातळी झपाट्याने पाडते. झटके पुन्हा सुरू होतात नि दोष आजाराला जातो. झटक्यांसाठी त्याऐवजी लेव्हेटिरासेटाम वापरावे. लिनेझोलिडने प्लेटलेट घटतात, आणि इथे तर मेंदूत आधीच रक्तस्राव. मोजणी वारंवार हवी, घसरण दिसली तर मिनोसायक्लिन किंवा डॉक्सिसायक्लिनकडे वळावे. जंतूच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली तर द्यावीत, पण ती मेंदूत फारशी पोहोचत नाहीत, त्यामुळे अँटिबायोटिकऐवजी ती चालणार नाहीत.

साठ्याचा हिशेब छोटा आहे. एका रुग्णाच्या १४ दिवसांना मेरोपेनेमच्या १ ग्रॅमच्या ८४ कुप्या, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या २०० मिग्रॅच्या ८४ बाटल्या, लिनेझोलिडच्या २८ पिशव्या. जिल्हा रुग्णालयात एवढे एका रुग्णापुरते कायम असावे, आणि मुदत संपण्याआधी ते नेहमीच्या अतिदक्षता विभागात वापरून बदलावे, म्हणजे वाया काही जात नाही.

आपल्याकडून हवे ते तीन आदेश. उपचारपत्रकात ‘जनावरांशी संबंध किंवा ग्रॅम स्टेनमध्ये मोठ्या जांभळ्या काड्या : सेफ्ट्रिअॅक्सोनवर विसंबू नका’ ही ओळ घाला. प्रयोगशाळांना पाठीतल्या पाण्यातला बॅसिलस खात्री न करता टाकून न देण्याची सक्ती करा. आणि जनावर अचानक दगावून नाका-तोंडातून न गोठणारे रक्त आले, तर पशुसंवर्धन विभागाने त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाला कळवावे. ते जनावर कोणीही फाडू नये.

आपले,
संसर्गरोग व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांतील डॉक्टर