पोरीच्या पीएच.डी.बद्दल

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. छकुली केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, वाळूजच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला घेतायत, आणि ती म्हणते पीएच.डी. करून प्राध्यापकच व्हायचं. लेकराला कुठं घालू, असं विचारलंस. आधी वाईट तेवढं सांगतो.

पीएच.डी.नंतर मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. कॉलेजचं नाव कशाला घेऊ. तासाचे पैसे, तेही वर्षाअखेरी एकदम. सुट्टीचे महिने कोरडे. तेव्हा घर हिच्या शिलाई मशीनवर चाललं, तुला माहीतच आहे. आजही एक जागा निघाली की अर्जांचा ढीग पडतो. म्हणून छकुलीला नेट नाहीतर सेट, या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांपैकी एक आधी काढायला लाव. 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीची किमान अट तीच आहे, नुसत्या पीएच.डी.च्या भरवशावर राहू नये. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये, तुझ्यावर भार पडणार नाही.

एवढं सांगूनही, तिला जाऊ दे असंच मी म्हणेन.

2016 साल आठव. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या प्रॅक्टिकलला लातूरकडची एक मुलगी घरच्या बोअरचं पाणी घेऊन आली. ईडीटीएचं टायट्रेशन चालू होतं, म्हणजे ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडून पाण्याचा कठीणपणा, त्यात विरघळलेले क्षार, मोजायचा प्रयोग. 50 मिली पाणी, थोडं बफर, रंग दाखवायला चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी. पाणी वाइनसारखं लाल झालं. आता थेंबथेंब सोडायचं, निळं झालं की थांबायचं. बाकीच्यांचं वीस-पंचवीस मिलीत झालं. हिचं लालच. अख्खी ब्युरेट, म्हणजे द्रावण सोडायची मापाची नळी, संपली. पुन्हा भरली, तेव्हा 56 मिलीला निळं झालं. म्हणजे लिटरला 1120 मिलिग्रॅम कठीणपणा. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा 600. ती म्हणाली, "सर, आम्ही हेच पितो."

संशोधनाचा तो प्रश्न मला कुठल्या जर्नलमधून मिळाला नव्हता. पुढं तिच्या तालुक्यातल्या गावागावांतून बाटल्या आल्या, फ्लोराइडही मोजू लागलो, आणि त्यावर एका विद्यार्थ्याची पीएच.डी. झाली. ती मुलगी आज झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवते.

लोक विचारतात, शिकवण्यात वेळ गेला की संशोधन कधी? नियमानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवावं लागतं, प्राध्यापकाला 14. वर पेपर तपासणं, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. वेळ जातो, हे खरंच. रेणूची रचना कळायला एनएमआर तपासणीसाठी नमुना बाहेर पाठवायचा नि रिपोर्टची वाट बघत बसायचं, तेही खरं. पण वर्गाला कंटाळलेला माणूस प्रयोगशाळेतही लवकर आटतो, हे मी जवळून पाहिलंय. आचार्य प्रफुल्लचंद्र राय एवढे मोठे संशोधक, पण पहिल्या वर्षाच्या पोरांना मुद्दाम स्वतः शिकवायचे.

आणि आपल्या भागाचं म्हणून सांगतो. 1958 साली इथं विद्यापीठ आलं, तोवर आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती. इतक्या उशिरा हाती आलेल्या प्रयोगशाळेत आपली पोर उभी राहणार असेल, तर मला मनापासून आनंद आहे.

एकच जपायचं: गाईड. विषय नंतर बदलता येतो. जो गाईड सकाळी स्वतः प्रयोगशाळेत फ्यूम हूडपाशी दिसतो, ज्याच्या जुन्या विद्यार्थ्यांची चार-पाच वर्षांत पीएच.डी. झालीय, त्याच्याकडंच जाऊ दे. त्या जुन्या पोरांना आधी भेटायला सांग, आडपडदा न ठेवता सांगतात ती.

दिवाळीनंतर तिला घेऊन ये. येताना तुझ्या मळ्यातल्या बोअरचं लिटरभर पाणी आण, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, काठोकाठ भरून. टायट्रेशन तिलाच करू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच