चाइल्ड सीटचा कायदा दुकानाच्या दारात संपू नये : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : चाइल्ड सीट विकत घेतल्यानंतर ती गाडीत नीट बसवली जाते का, हे बघण्याबाबत.

ओळखीत कुणाकडे बाळ येणार असलं की मला फोन येतो, ‘कोणती सीट घेऊ?’ मी कुठल्या कंपनीत नाही, माझं दुकानही नाही. मुलांच्या निमित्ताने या विषयात डोकं घातलं आणि ते बाहेर काढता आलं नाही, एवढंच. या प्रश्नाला मी आता कंपनीचं नाव सांगत नाही, उलट विचारते : गाडी कुठली? मागच्या सीटला आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे चाइल्ड सीट बेल्टशिवाय थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या कड्या, आहेत का? सीट एकाच गाडीत राहणार की आजोबांच्या गाडीतही हलवायची? समोरचा वैतागतो, कारण त्याला नाव हवं असतं.

सरकारी विचारही बहुधा तिथेच अडतो. मान्यतेचा शिक्का असलेली सीट घ्या, मुलाला तीत बसवा, नाहीतर दंड भरा. पण शिक्का मिळतो सीटला, तोही प्रयोगशाळेतल्या बाकावर व्यवस्थित बसवलेल्या. मूल वाचतं ते सीट, गाडी आणि मूल या तिघांचं एकमेकांशी जमलं तर. ते जमलंय की नाही हे बघायची जबाबदारी कुणावरच नसते, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

सीट उपयोगाची असते यात वाद नाही. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेचा, म्हणजे एनएचटीएसएचा हिशेब असा की चाइल्ड सीटमुळे मोटारीतल्या एक वर्षाखालच्या बाळाच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. याच यंत्रणेने २०११ मध्ये प्रत्यक्ष गाड्यांमध्ये डोकावून सीट तपासल्या, तेव्हा शंभरातल्या ४६ सीटच्या वापरात अशी काही ना काही चूक सापडली जिच्यामुळे सीटचा उपयोग कमी होऊ शकतो. त्या देशात चाइल्ड सीटचे कायदे कित्येक दशकं जुने आहेत. म्हणजे सीट होती, कायदा होता, आईबापांची इच्छाही होती.

या चुका डोळ्यांत भरणाऱ्या नसतात. गाडीचं मागचं दार उघडा. सीटच्या बुडाशी, जिथून गाडीचा बेल्ट जातो किंवा आयसोफिक्सचा आकडा अडकतो, तिथे एका हाताने धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकली तर ती नीट बसलेली नाही. (वरच्या टोकाला धरून हलवू नका. तिथे चांगली बसवलेली सीटही थोडी हलते आणि माणसं उगाच घाबरतात.) मग मुलाला बसवून पट्टे ओढा आणि खांद्याच्या हाडापाशी पट्ट्याची चिमूट काढून बघा. बोटांत पट्टा आला की समजायचं, ढिला आहे. पट्ट्याला कुठे पीळ पडलाय का? पाठमोऱ्या सीटमध्ये, म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असतं तीत, पट्टे खांद्याच्या रेषेतून किंवा किंचित खालून निघायला हवेत. पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याच्या रेषेतून किंवा किंचित वरून. हा फरक आजवर कुठल्याही विक्रेत्याने मला आपणहून सांगितलेला नाही. आणि जाड जॅकेट! ते घालून पट्टे बांधले की हाताला घट्ट लागतात. पट्ट्यांची लांबी न बदलता मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा, पुन्हा बसवा. मध्ये केवढी पोकळी होती ते दिसेल. धडकेत जॅकेट दबलं की मुलाच्या वाट्याला तीच पोकळी येते. म्हणून आधी पट्टे बांधायचे आणि जॅकेट वरून पांघरायचं.

हे सगळं माहितीपुस्तिकेत असतं, हे मान्य. ती पुस्तिका बारीक अक्षरांची, अनेक भाषांची आणि बहुधा तिढा पडलेल्या चित्रांची असते. बाळंतपणातून नुकत्या उठलेल्या घरात ती कोण वाचणार?

‘एवढ्याशा अंतराला सीट कशाला, मी मांडीवर घेते की’ हे वाक्य आपण ऐकलं असेलच. कदाचित आपल्याच घरात. यात माया आहे, पण गणित नाही. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे दोनशे किलो पेलण्याइतका जोर लागतो आणि तो सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात लावावा लागतो. त्याच वेगाची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटर उंचीवरून पडणं. कुठल्याही आईबापाचे हात इथे पुरे पडत नाहीत. स्वतःच्या बेल्टमध्ये बाळाला सोबत गुंडाळून घेणं तर त्याहून वाईट, कारण मग मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं.

या मांडीने एका विधिमंडळालाही चकवलेलं आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने चाइल्ड सीट सक्तीची केली. त्या देशातला तो असा पहिला कायदा, आणि त्यामागे डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाची चिकाटी होती. पण मंजूर होता होता त्यात एक सवलत शिरली : मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर सीट नको. या दुरुस्तीला पुढे ‘चाइल्ड क्रशर’, म्हणजे मूल चिरडणारी, असंच नाव पडलं आणि १९८१ मध्ये ती काढून टाकावी लागली. कुणाची गैरसोय नको म्हणून घातलेली सवलत कायद्याचं काय करते हे त्या राज्याला चार वर्षांनी कळलं. आपल्या मसुद्यात अशी सवलत घाला म्हणून कुणी आलं, तर ही हकिकत हाताशी असू द्यावी.

टॅक्सीची सूट याच जातीची. इंग्लंडमध्ये टॅक्सीचालकाकडे चाइल्ड सीट नसेल तर तीन वर्षांखालचं मूल मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसवलं तरी नियमात बसतं. टॅक्सीवाल्याने सगळ्या वयांच्या सीट डिकीत घेऊन फिरावं असं मी म्हणत नाही. पण धडकेला भाडं कळत नाही. निदान काही टॅक्सी सीटसह मागवता येतील आणि ती सीट चालकाला बसवता येईल, एवढी अट परवान्यात घालता येते.

आता पाठमोरं बसवण्याबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरोघरी खरा वाद याच मुद्द्यावर होतो. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव असतं; मोठ्या माणसात हेच प्रमाण एक अष्टमांशाच्या आसपास येतं. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, मधले भाग कूर्चेचे असतात. समोरून धडक झाली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्टे अडवतात, पण ते जड डोकं पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीवर दाबली जातात, जोर पसरतो. स्वीडनच्या बर्टिल ऑल्डमन यांनी १९६४ मध्ये अशी पहिली सीट तपासून पाहिली. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर ज्या तऱ्हेने पाठीवर जोर झेलत, त्यावरून त्यांना ती सुचली होती. व्होल्वोने १९७२ मध्ये पाठमोरी सीट बाजारात आणली. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसतात आणि त्याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही.

इतर ठिकाणी मात्र पहिला वाढदिवस झाला की सीट फिरवायची घाई होते. पाय दुमडले जातात, त्याला रस्ता दिसत नाही, तो रडतो, ही कारणं. पाय दुमडणं मुलांना टोचत नाही. जमिनीवर खेळतानाही ती तशीच बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आधी दोन वर्षांपर्यंत पाठमोरं बसवा असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी वयाचा आकडाच काढला आणि सीटची उंचीची किंवा वजनाची मर्यादा गाठेपर्यंत पाठमोरंच ठेवा, असं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या आर ४४ नियमात सीटचे गट वजनावर होते, त्यामुळे नऊ किलो भरलं की पुढे तोंड करायला वाट मोकळी व्हायची. अंगाने भरलेलं बाळ वर्षाच्या आतच तिथे पोचतं. २०१३ पासून लागू झालेला नवा नियम आर १२९ सीटची निवड उंचीवर करतो, किमान १५ महिने पाठमोरं ठेवायला सांगतो आणि आर ४४ मध्ये नसलेली बाजूच्या धडकेची चाचणीही घेतो.

म्हणून माझी पहिली मागणी : नियमात उंची लिहा, आणि १५ महिने ही पाठमोरं बसवण्याची किमान मर्यादा आहे, सीट फिरवायचा मुहूर्त नव्हे, हे त्याच कलमात स्पष्ट लिहा. युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ च्या नव्या सीट विकता येत नाहीत (घरात आहेत त्या वापरता येतात). एका बाजाराने बंद केलेला माल दुसऱ्या बाजारात भरघोस सवलतीत येऊ नये, ही जबाबदारी आयातीवर नजर ठेवणाऱ्यांची. आणि सीटवरच्या नारिंगी लेबलाचा अर्थ लोकांना सांगा. वर्तुळातल्या ‘ई’शेजारचा आकडा म्हणजे गुण असं समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. तो फक्त मान्यता देणारा देश सांगतो : १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स.

दुसरी मागणी विक्रीबद्दल. चपलासुद्धा पायात घालून बघितल्याशिवाय आपण घेत नाही, आणि सीट मात्र खोक्यातच विकली जाते. काही गाड्यांत सीटची पाठ इतकी उतरती असते की नवजात बाळाची सीट पाहिजे त्या कोनात बसतच नाही. ती फार उभी राहिली की झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. (याच कारणाने मुक्कामाला पोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमध्ये तसंच ठेवू नये.) काही गाड्यांत बेल्टचं बकल एवढ्या लांब दांडीवर असतं की ते सीटच्या चौकटीवर येतं आणि बेल्ट ताणलाच जात नाही. ही गोष्ट जाहिरातीतून कळत नाही, ग्राहकाच्या गाडीत सीट ठेवल्यावरच कळते. विक्रेत्याने गाडीत लावून दाखवावी आणि जमली नाही तर परत घ्यावी. ऑनलाइन विकणाऱ्याने निदान कोणत्या गाड्यांत ती बसते याची यादी द्यावी. वापरलेली सीट विकताना ती अपघातातून गेलेली नाही हे लिहून द्यायला लावा, कारण प्लास्टिकच्या आत पडलेली चीर वरून दिसत नाही.

तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची, आणि मला वाटतं सगळ्यात स्वस्तही. सीट तपासून देणारी माणसं तयार करा. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये सीट बसवून देणारी अधिकृत केंद्रं आहेत. अमेरिकेत खास प्रशिक्षण घेतलेले प्रमाणित तंत्रज्ञ पालकांसमोर सीट बसवतात आणि मग ती काढून पालकांकडूनच पुन्हा बसवून घेतात. ही दुसरी पायरीच कामाची, कारण सीट एकदा बसवून भागत नाही. धुवायला काढायची, दुसऱ्या गाडीत न्यायची, पट्टे वर सरकवायचे, हे चालूच राहतं. प्रसूतिगृहातली परिचारिका, वाहन नोंदणी कार्यालयातला निरीक्षक, अग्निशमन दलाचा जवान, यांच्यापैकी कुणालाही हे शिकवता येईल. त्यातही प्रसूतिगृह मला जास्त योग्य वाटतं. बाळाचा पहिला प्रवास तिथूनच सुरू होतो, आणि वेळेआधी जन्मलेलं बाळ सीटमध्ये नीट श्वास घेतं का हेही तिथेच बघता येतं.

एअरबॅगबद्दल एकच वाक्य, पण ते गाडी विकताना तोंडी सांगण्याची सक्ती करा : समोरची एअरबॅग चालू असताना पुढच्या सीटवर पाठमोरं बाळ कधीही ठेवायचं नाही. सनव्हायझरवर याचं चित्र असतं. ते कुणी बघत नाही.

मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे, तरी सांगते. बूस्टर, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट लागावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक, हे चोचले नव्हेत. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या कंबरेच्या हाडांसाठी बेतलेला असतो. लहान मुलात ती हाडं तेवढी वर आलेली नसतात, बेल्ट पोटावर सरकतो आणि धडकेत इजा आतल्या अवयवांना होते. युरोपात १५० सेंटिमीटरपर्यंत बूस्टर सांगितलेला आहे आणि देशांना ती मर्यादा १३५ पर्यंत खाली आणता येते. आपल्याला परवडेल तो आकडा ठरवा, पण तो सेंटिमीटरमध्ये असू द्या.

आता एक विनंती. चाइल्ड सीटची मोहीम सुरू कराल तेव्हा फीत कापू नका. नवी कोरी सीट खोक्यातून काढा, सोबतची पुस्तिका घ्या आणि आपल्या सचिवांना घेऊन ती सरकारी गाडीत स्वतः बसवा. कॅमेरे चालू राहू देत. मग एखाद्या जाणकाराला ती बुडाशी धरून हलवून बघायला सांगा. सीट अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकली, तर तिसऱ्या मागणीच्या फाइलवर त्याच दिवशी सही करा.

आपली,
एक पालक