आयडलिंगच्या बिघाडाचे निदान न करताच सुटे भाग बदलल्याबाबत तक्रार

उदगीर, जि. लातूर
दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : लातूर येथील आपल्या अधिकृत सेवा केंद्राने केलेले चुकीचे निदान, अनावश्यक खर्च आणि ब्रेकच्या तक्रारीकडे झालेले दुर्लक्ष.

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची २०१४ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. ती मी नवीनच घेतली होती आणि तेव्हापासून तिची सर्व्हिसिंग लातूरच्या आपल्या अधिकृत केंद्रातच करून घेत आलो आहे. यंदाच्या उन्हाळ्यात गाडी न्यूट्रलवर उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, इंजिन थरथरू लागले. रस्त्यावर वेग घेतला की सारे सुरळीत असे, मात्र शिवाजी चौकातल्या सिग्नलला थांबले की इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा कधी हजाराकडे चढे, तर कधी पाचशेच्याही खाली येई आणि एसी चालू असल्यास गाडी बंदच पडे. त्याच सुमारास ब्रेकचे पेडलही कडक लागू लागले, विशेषतः गाडी काही वेळ बंद ठेवून पुन्हा काढताना. या दोन्ही गोष्टी मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरांना एकाच वेळी सांगितल्या आणि त्या दोन्ही जॉब कार्डवर लिहिलेल्या आहेत.

माझ्या तक्रारीचे मूळ इथेच आहे. एकाच कागदावर एकाखाली एक लिहिलेल्या या दोन लक्षणांचा एकमेकांशी काही संबंध असेल का, हा प्रश्न आपल्या केंद्रात कोणालाही पडला नाही. इंजिनाचे काम एका फिटरकडे गेले आणि ब्रेकचे दुसऱ्याकडे. ब्रेकवाल्यांनी पुढचे पॅड बदलले. इंजिनवाल्यांनी स्कॅनर लावला, त्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा पी०३०३ हा कोड आला, म्हणून प्लग आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलली, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या सफाईचेही पैसे लावले. गाडी होती तशीच राहिली.

हा कोड तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे एवढेच सांगतो. ते का चुकते, हे माणसाने शोधायचे असते. कॉइलवर संशय होता, तर तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलून पाहायच्या होत्या. कोड कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला असता तर कॉइल दोषी, आणि तिसऱ्यावरच राहिला असता तर दोष अन्यत्र. या तपासणीला नवा भाग लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. ती न करता माझ्याकडून नव्या कॉइलची पूर्ण किंमत घेण्यात आली.

दुसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा, जुनी गाडी आहे, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, त्यामुळे असे होणारच, असे सांगण्यात आले. जुन्या गाडीतल्या रबरी भागांवर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो, हे मला मान्य आहे. परंतु पेट्रोल चारही सिलिंडरना एकाच टाकीतून जाते, तर मग मिसिंग तिसऱ्यातच का, आणि रेस दिली की ते नाहीसे का होते, याचे उत्तर मला मिळाले नाही. उलट इंजिनाचे काम काढावे लागेल, असा तोंडी अंदाज देण्यात आला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याची नोंद कोणत्याही बिलावर नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन न मोजता इंजिन उघडण्याचा सल्ला ग्राहकाला देणे मला अत्यंत गंभीर वाटते.

शेवटी मी उदगीरमधील एका मिस्त्रींकडे गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनरच्या आधी ब्रेकची चौकशी केली. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबायला लावले आणि पाय तसाच ठेवून गाडी चालू करायला सांगितली. ब्रेकला मदत करणारी इंजिनाची हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, नीट असेल तर अशा वेळी पेडल किंचित खाली जाते. माझे जागचे हलले नाही. मग त्यांनी मॅनिफोल्डपासून (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांपासून) ब्रेक बूस्टरकडे (त्या ओढीच्या जोरावर पेडल हलके करणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप मॅनिफोल्डजवळ पक्कडीत कापड धरून दाबला आणि इंजिन तत्क्षणी शांत झाले. पाइप काढून वाकवला तेव्हा बूस्टरकडच्या वळणावर, खालच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. पाइप सरळ धरला की ती मिटत असे आणि वरून पाहणाऱ्याला दिसत नसे.

या चिरेतून आत जाणारी हवा थ्रॉटलच्या अलीकडे बसवलेल्या सेन्सरने मोजलेलीच नसते, त्यामुळे त्या हवेच्या हिशेबाचे पेट्रोल सोडले जात नाही आणि मिश्रण पातळ होते. न्यूट्रलवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असल्याने मॅनिफोल्डमधील ओढ सर्वाधिक असते आणि चोरवाटेच्या हवेचा वाटाही मोठा असतो. रेस दिली की तो नगण्य होतो. माझ्या गाडीत हा पाइप तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेजवळच जोडलेला आहे. म्हणजे कोड, थरथर आणि कडक पेडल या तिन्ही गोष्टी त्याच एका चिरेकडे बोट दाखवत होत्या आणि केंद्रात मात्र आजार रेड्याला आणि डाग पखालीला असा प्रकार झाला. नवा पाइप बसवल्यापासून गाडी त्याच पंपावरच्या त्याच पेट्रोलवर, एसी चालू असतानाही, स्थिर चालते.

पैशांपेक्षा मला ब्रेकची बाब अधिक टोचते. पाइप तडकलेला असताना ब्रेकला बूस्टरची पुरेशी मदत मिळत नव्हती, आणि ब्रेकचे काम केले असे बिलावर लिहून ती गाडी माझ्या ताब्यात देण्यात आली. त्याच गाडीतून मी कुटुंबाला घेऊन लातूर–उदगीर रस्त्याने ये-जा करत होतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि अकरा वर्षांच्या गाडीतले रबर कडक होऊन तडकणे ही इथे नवलाची गोष्ट नाही. येथील केंद्राने तर अशा गाडीचे पाइप सर्वांत आधी पाहायला हवेत.

प्लगचे पैसे मी मागत नाही; ते बदलण्याची वेळ झालीच होती. कॉइल, इंजेक्टरची सफाई, ब्रेक पॅड आणि त्यांची मजुरी मात्र परत मिळावी. काढलेली कॉइल आणि पॅड मागूनही मिळाले नाहीत, ते द्यावेत किंवा त्यांचे काय झाले हे लेखी कळवावे. आयडलिंग आणि ब्रेक यांच्या तक्रारी एकत्र आल्यास व्हॅक्यूमची तपासणी झाल्याशिवाय एकही भाग बदलू नये, अशी लेखी सूचना आपण आपल्या केंद्रांना द्यावी आणि तिची प्रत मला पाठवावी, ही माझी सर्वांत महत्त्वाची मागणी आहे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील सेवेतील त्रुटीविषयीच्या तरतुदींनुसार मी लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तडकलेला पाइप मी जपून ठेवला आहे. आपले अभियंते उदगीरला आल्यास तो आणि गाडी दोन्ही दाखवीन.

आपला,
(स्वाक्षरी)

सोबत : जॉब कार्ड व बिलांच्या प्रती, पाइपाची छायाचित्रे